स्कूटर खाली थांबते, जिन्यावर पावलं येत नाहीत

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोथरूडला राहणाऱ्या एका ताईंनी तो विचारला आहे. त्यांची मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीला. गेलं वर्षभर ती रोज रात्री हेडफोन लावून भयकथा ऐकते, त्याशिवाय तिला झोप येत नाही. आता ती स्वतःही लिहायला लागली आहे. तिच्या वहीतली एक गोष्ट ताईंनी तिच्या नकळत वाचली. एका बिल्डिंगखाली रोज रात्री साडेनऊला स्कूटर येऊन थांबते, स्टँड लावल्याचा आवाज येतो, पण जिन्यावर पावलं येत नाहीत. ताई विचारतात, माणसांना असल्या गोष्टींची ओढ का लागते? हे तयार करणाऱ्यांच्या डोक्यात काय चालतं? आणि माझ्या मुलीचं काही बिघडलंय का? प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे, की मुलीचे बाबा दीड वर्षापूर्वी अचानक गेले.

ताई, मी सत्तावीस वर्षं पुण्यात नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो. गेली सहा-सात वर्षं ऑडिओ कथांचंही काम असतं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त भयकथा असतात. म्हणजे तुमची मुलगी रात्री जे ऐकते, तशा गोष्टी करणाऱ्यांपैकीच मी एक. मानसोपचार हा माझा विषय नाही, त्यामुळे तिच्या मनाचं निदान मी करणार नाही. पण भीती कशी तयार होते, ती कधी हवीशी वाटते आणि कधी अंगावर येते, हे मी तालमीत आणि प्रयोगात रोज बघतो. त्यातून जे समजलंय ते सांगतो.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यात एकच ऐकू येतो. ती खोलीचं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून अंधारात कशाच्या तरी सोबत असते आणि तुम्ही दाराबाहेर उभ्या असता. आत जावं की नाही, हे तुम्हाला कळत नाहीये. तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देतो, पण ती देताना लक्ष तिसऱ्याकडेच ठेवतो.

भीती कोणालाच आवडत नाही, हे आधी स्वच्छ सांगायला हवं. रात्री दोनला फोन वाजला की छातीत जे धस्स होतं, ते परत अनुभवावंसं कोणाला वाटेल? तुमच्या घरात तर तो प्रसंग अगदी अलीकडचा आहे. भयकथेतही तेच होतं. हृदयाचे ठोके वाढतात, तळहाताला घाम येतो, मान आखडते. शरीराला खोटं-खरं कळायच्या आत मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग कामाला लागलेला असतो. नंतर क्षणभराने विचार पोचतो, की अरे, मी तर खुर्चीत आहे, शेजारी मैत्रीण आहे, ही गोष्ट आहे. डॉल्फ झिलमन नावाच्या अभ्यासकाने मांडलेलं एक म्हणणं मला पटतं. भीतीने शरीरात उसळलेला जोर लगेच ओसरत नाही. तो उरतो आणि पुढच्या भावनेत मिसळतो, त्यामुळे सुटकेचा आनंदही नेहमीपेक्षा मोठा होतो. भीतीच्या प्रसंगानंतर नाट्यगृहात जो हशा उठतो, तो विनोदी नाटकातल्या हशापेक्षा मोठा असतो. साउंडच्या टेबलावर बसून मी तो असंख्य वेळा ऐकलाय.

पण ही मजा एका गोष्टीवर टिकून असते, ती म्हणजे अंतर. प्रेक्षक आणि भीती यांच्यात किती जागा सोडायची, हे ठरवणं हाच आमच्या कामाचा गाभा. ही जागा मोजायला मी एका चुकीतून शिकलो, ती सांगतो.

सुरुवातीच्या काळात एका लहान हॉलमध्ये आमचं एक प्रायोगिक नाटक होतं, जेमतेम ऐंशी खुर्च्या. दुसऱ्या अंकात रात्री दार वाजतं, असा प्रसंग. रंगमंचावरच्या दाराऐवजी प्रेक्षकांच्या मागे, बाहेर जायच्या खऱ्या दाराला लागून मी एक स्पीकर ठेवला. रंगीत तालमीत सगळे दचकले, माझी पाठ थोपटली गेली. तिसऱ्या प्रयोगाला दार वाजलं आणि शेवटच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून. मी टेबलावरून उठून त्यांच्यापाशी गेलो तर हात थरथरत होते. त्यांना बाजूच्या विंगेतून बाहेर नेलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने त्या एवढंच म्हणाल्या, "मला पळायला तेच तर दार होतं."

त्यांच्या आयुष्यात कधी कुठलं दार वाजलं होतं, ते मी विचारलं नाही. पण माझी चूक मला समजली. मी त्यांची बाहेर पडायची वाटच भीतीला देऊन टाकली होती. चौथ्या प्रयोगापासून तो स्पीकर हलवला. तेव्हापासून आजतागायत कुठल्याही नाटकात दाराच्या दिशेने मी भीतीचा आवाज सोडलेला नाही. ऑडिओ कथेतही दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला जागा ठेवतो. पंख्याची घरघर, शेजारच्या घरातला कुकर, कोणीतरी दिलेली हाक. ऐकणाऱ्याला तेवढ्याने कळतं, की जग अजून जागेवर आहे.

हे अंतर किती असावं, हे माणसागणिक बदलतं. याचा फार चांगला अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला आहे. आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी भीतिघरात, म्हणजे लोकांना घाबरवायला मुद्दाम उभारलेल्या घरात, जाणाऱ्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना किती मजा आली तेही विचारलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. भीती फार कमी असेल तर मजा नाही, फार जास्त असेल तरीही नाही. मधे कुठेतरी एक टप्पा असतो, तिथे मजा सगळ्यात जास्त. म्हणून एकाच गोष्टीने एक मुलगी खिदळते आणि तिची सख्खी बहीण आठवडाभर दिवा लावून झोपते. दोघींतली कुठलीच बिघडलेली नसते.

आमच्या कामाची थोडी आतली गोष्ट सांगतो, कारण "हे करणाऱ्यांच्या डोक्यात काय चालतं" याचं उत्तर त्यातच आहे. किंकाळीवर २०१५ साली एक संशोधन झालं. आपण बोलतो तेव्हा आवाजाचा जोर सेकंदाला साधारण चार-पाच वेळा खाली-वर होतो. किंकाळीत तो सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो. कानाला ती खरखर वाटते. ही खरखर धोक्याच्या भोंग्यातही असते. त्यामुळे ती ऐकली की आपण ठरवायच्या आत वळून बघतो. हे हत्यार आमच्या हातात आहे आणि ते सतत वापरणारा माणूस मला आळशी वाटतो. चांगला कारागीर ते पूर्ण प्रयोगात एकदा वापरतो, कधीकधी वापरतही नाही.

मी केलेला सगळ्यात भीतिदायक आवाज स्टीलच्या फुलपात्राचा आहे. एका ऑडिओ कथेत स्वयंपाकघरात फुलपात्र पडतं. फरशीवर पडलेलं भांडं आधी आपटतं, मग कडेवर गोल फिरतं, फिरता फिरता वेग वाढतो, आवाज बारीक होत जातो आणि थांबतं. हा आवाज आपल्या प्रत्येकाच्या कानात लहानपणापासून आहे, ते कधी थांबणार हेही कानाला पाठ असतं. घरच्या शहाबादी फरशीवर मी तो चाळीसेक वेळा रेकॉर्ड केला. मग त्यातला शेवटचा तुकडा लांबवत नेला. फुलपात्र थांबायच्या बेताला येतं आणि थांबत नाही. पाच सेकंद, आठ सेकंद, अकरा सेकंद. बाराव्या सेकंदाला ते थांबतं, कारण कोणीतरी त्यावर हात ठेवल्यासारखा दबका ठक् असा आवाज येतो. त्यात ना किंकाळी, ना वाद्यं. लेखिकेने ते ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

त्या अकरा सेकंदांसाठी आम्ही तीन रात्री घालवल्या. त्या तीन रात्री आमच्या डोक्यात रक्त-मांस, विकृती, सूड असलं काहीही चाललं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या कानाला काय माहीत आहे, त्याला कशाची सवय आहे, तो कुठे विश्वासाने टेकून बसला आहे, एवढाच विचार होता. भीती तयार करणाऱ्याला समोरच्या माणसाचा इतका बारकाईने विचार करावा लागतो, की ज्याला माणसांबद्दल माया नाही त्याला हे काम जमत नाही, असं माझं मत झालंय. याला अपवाद असतील. दुसऱ्याला छळण्यातच ज्याला रस आहे, अशी मंडळीही या क्षेत्रात आहेत. त्यांचं काम ओळखता येतं, त्यात बाहेर जायचं दार नसतं.

मराठीतली दोन मोठी नावं यासाठी आठवतात. पुण्याचे नारायण धारप (१९२५-२००८). त्यांच्या कथांतलं अमानवी काय काय लक्षात राहतं, पण त्याला भिडायला उभा राहणारा 'समर्थ'ही त्यांनीच निर्माण केला. वाचकाला इतक्या खोल विहिरीत उतरवायचं तर वर दोर धरणारं कोणीतरी हवं, हे त्यांना ठाऊक होतं. दुसरे रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०). त्यांच्या गूढकथा वाचून मध्यमवर्गीय घरातल्या साध्या खुर्चीचीही भीती वाटावी. याच माणसाने आयुष्यभर मुलांसाठी नाटकं केली, ठाण्याच्या झोपडवस्तीतल्या मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण त्यांचीच. ते नाटक बघायला गेलात तर रंगमंचाकडे बघू नका, मुलांकडे बघा. चेटकीण येते तेव्हा चार वर्षांचं पोर आईच्या कुशीत तोंड खुपसतं आणि एका डोळ्याने बोटांच्या फटीतून बघत राहतं. कुशी आणि फट, दोन्ही त्याला एकाच वेळी हवी असतात. मोठेपणी आपण कुशी सोडतो, फट तेवढी राहते.

आता थोडं मागे जातो, कारण हा प्रश्न आजचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि भयानक त्यातला एक. भय कशाकशाने उत्पन्न होतं याची यादी तिथे दिली आहे. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ती मला पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा मी चकित झालो, कारण यादीतला पहिलाच शब्द माझ्या धंद्याचा आहे, 'विकृत रव', म्हणजे बिघडलेला, वेडावाकडा आवाज. पुढे कोल्हे आणि घुबडं येतात. मग शून्यागार, म्हणजे रिकामं घर. मग अरण्य. आणि त्याच यादीत पुढे, आपल्या माणसांचा वध किंवा बंधन पाहणं, ऐकणं, त्याविषयीची कथा. ताई, रिकामं घर आणि आपलं माणूस एकाच दमात आली आहेत, हे लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

पुढे साधारण हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने या भयाचं उदाहरण शाकुंतलाच्या पहिल्या अंकातून घेतलं. दुष्यंताच्या रथापुढे पळणारं हरीण. मान वळवून वळवून मागे बघतंय, थकून तोंड उघडं पडलंय, अर्धवट चघळलेलं गवत वाटेवर सांडतंय. हे बघताना आपल्याला काय होतं? मी भ्यालो, असं होत नाही. ते हरीण माझं कोणी लागतं, असंही नाही. कुठला काळ, कुठली जागा, कोणाचं भय, हे सगळं गळून पडतं आणि नुसतं भय उरतं. ते कोणाचंच नसतं, म्हणून त्याची चव घेता येते. अंतर हा शब्द मी वर वापरला, त्याचं याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही. जे भय माझं आहे त्याच्याकडे मी बघूच शकत नाही, त्यातून मी पळत असतो. तेच भय हरणाला दिलं, की थांबून बघता येतं. माणसांना या कलेची ओढ का, याचं माझं उत्तर हे आहे. ज्याच्याकडे सरळ बघता येत नाही, ते बघायला दुसरी वाट नाही.

आपल्या पुण्याचंच बघा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. वय अठरा. त्याला अडीचशे वर्षं झाली, १८२८च्या आगीत वाड्याच्या आतलं बहुतेक सगळं जळून गेलं, तरी रात्री तिथे "काका, मला वाचवा" ऐकू येतं, ही गोष्ट गावाने सोडलेली नाही. मी लहानपणी ऐकली, माझ्या मुलाने शाळेत ऐकली. नारायणराव दिसले असं कोणी सांगत नाही, ऐकू आले असंच सगळे सांगतात. पुण्याची सगळ्यात प्रसिद्ध भयकथा ही एका आवाजाची कथा आहे. आणि त्या आवाजात भूत-पिशाच्च असं काही नाही. एक पोरगा घरातल्या मोठ्या माणसाकडे धावतोय आणि तिथे आसरा नाही. ध चा मा झाला, की नाही झाला, त्यावर इतिहासकारांना बोलू द्या. ज्याने सांभाळायचं त्यानेच सांभाळलं नाही तर काय, ही भीती प्रत्येक घरातल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी शिवून गेलेली असते. ती स्वतःच्या घराबद्दल बोलता येत नाही. वाड्याबद्दल बोलता येते.

मुंजाचं तसंच. ज्याची मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी जो गेला, तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो असं मानतात. ज्या काळात घरोघरी लहान मुलं दगावत, त्या काळाने तयार केलेलं हे भूत आहे. पिंपळाखालून जाताना लोक भीत, पण पारावर त्याला नैवेद्यही ठेवत. भीती आणि माया एकाच ताटात. नव्या संहितेचं वाचन झालं, की मी लेखकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, "या भुताला हवंय काय?" ज्याला उत्तर देता येत नाही, त्याची संहिता बहुधा नुसत्या दचकवण्यावर उभी असते. ज्याला देता येतं, त्याचं नाटक चालतं.

इथवरचं थोडक्यात परत सांगतो. भीतीपासून योग्य अंतर मिळालं की माणूस तिच्याकडे बघू शकतो. ते अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. ते नीट राखणं हे कलाकाराचं काम, आणि त्यासाठी त्याला समोरच्याची काळजी असावी लागते. आता तुमच्या मुलीच्या गोष्टीकडे येतो.

मी ती वाचलेली नाही, तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी फक्त वाचल्या. पण त्या दोन ओळी मी दिवसभर डोक्यातून काढू शकलो नाही. स्कूटर येते, स्टँड लागतो, पावलं येत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीने भुताचा चेहरा रंगवला नाही, रक्त आणलं नाही, किंकाळी आणली नाही. तिने एक सवयीचा आवाज घेतला आणि त्यानंतर यायला हवा असलेला आवाज काढून घेतला. मला हे फुलपात्राच्या वेळी समजायला वीस वर्षांचा अनुभव लागला होता. तिला ते कसं समजलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिचे बाबा रोज किती वाजता घरी यायचे, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. कदाचित स्कूटर तुमच्या घरात कधी नसेलही आणि मी भलताच अर्थ लावत असेन. पण भरताच्या यादीतलं शून्यागार आणि स्वजन तिच्या दोन ओळींत एकत्र आलेत, एवढं मला दिसतं. या भुताला हवंय काय, हा प्रश्न तिच्या गोष्टीला विचारला तर उत्तर मिळतं. त्याला वर यायचंय.

रात्री भयकथा ऐकूनच झोप येते, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतं. मला तेवढं वाटत नाही. हा माझा अंदाज आहे, पण अशा श्रोत्यांची अनेक पत्रं मला आली आहेत. दिवा मालवल्यावर जी भीती आपोआप येते तिला सुरुवात नसते, शेवट नसतो. गोष्टीतली भीती अठ्ठावीस मिनिटांची असते. ती सुरू करता येते, थांबवता येते, आवाज कमी करता येतो. बटण तिच्या हातात असतं. महासाथीच्या काळात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं दिसलं होतं, की भयपटांची आवड असलेले लोक त्या काळात मानसिकदृष्ट्या कमी कोलमडले. त्यावरून भयकथा हे औषध आहे असं सिद्ध होत नाही. मुळात घट्ट मनाच्या माणसांनाच ती आवडत असतील, असंही असू शकतं. पण आवड म्हणजे आजार, ही समजूत तरी त्यातून सैल व्हावी.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, आणि इथे मला अजिबात हयगय करायची नाही. अंतर राहिलंय की तुटलंय, हे बघायचं. गोष्ट ऐकल्यावर ती झोपते की पहाटेपर्यंत जागी राहते? नको वाटली तर बंद करू शकते का? मैत्रिणी, जेवण, अभ्यास, भांडणं, हे नेहमीचं चालू आहे का? गोष्टीबद्दल कोणाशी तरी बोलते का? याची उत्तरं साधारण बरी असतील तर तुम्ही भीतीला हात लावू नका, तिला तिचं काम करू द्या. पण झोप पार उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सगळ्यांशी बोलणं बंद असेल, आता जगण्यात काही नाही अशा अर्थाचं काही ती बोलली किंवा लिहिलं असेल, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, किंवा बाबांच्या जाण्याचा प्रसंगच ती पुन्हा पुन्हा, जसाच्या तसा जगताना दिसली, तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. लगेच कोणाकडे जाणं जमत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं. तिच्यासाठी नाही तर तुमच्यासाठी फोन केलात तरी चालेल. दीड वर्षापूर्वी माणूस तुमचाही गेलाय.

एक गोष्ट मात्र तुम्ही लवकर करायला हवी. वही नकळत वाचली हे तिला सांगा. तिला नंतर कळलं तर ती लिहायचं थांबवेल, किंवा लपवून लिहील, आणि दोन्ही वाईट. चिडेल. चिडू दे. पण "असलं काय अभद्र लिहितेस" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, आणि "बाबांवर लिहिलंयस ना गं" हेही नको. पहिल्याने दार बंद होतं. दुसऱ्याने हरणाची गोष्ट पुन्हा तिची स्वतःची होते आणि तिने महत्प्रयासाने मिळवलेलं अंतर तुम्ही एका वाक्यात संपवता. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तुम्ही गोष्टीबद्दल विचारा, गोष्टीतल्या माणसांबद्दल विचारा. वरच्या मजल्यावर कोण राहतं? ते रोज खिडकीशी जातात का? आणि मग एक रात्र ती जे ऐकते ते तिच्यासोबत ऐका, एक हेडफोन तिच्या कानात, एक तुमच्या. भीती वाटली तर तिचा हात धरा. तिला ते आवडेल, असा माझा अंदाज आहे.

पुढचं तिच्यासाठी लिहितोय, वाटलं तर वाचून दाखवा.

ही गोष्ट आवाजात करून बघ. स्टँडचा आवाज इंटरनेटवरून घेऊ नकोस, तो सगळ्यांचा असतो. खऱ्या बिल्डिंगमध्ये रेकॉर्ड कर, रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर. फोन खाली धरू नकोस. वरच्या मजल्यावर खिडकीच्या आत, पडद्याच्या मागे ठेव आणि कोणाला तरी खाली स्कूटर लावायला सांग. कारण गोष्ट ऐकणारा वरती आहे, त्याला जसं ऐकू येईल तसंच हवं. इंजिन बंद झाल्यावर सायलेन्सर थंड होताना टिक टिक वाजतो, तो कापू नकोस. स्टँडनंतर कमीत कमी वीस सेकंद काही घालू नकोस. संगीत तर मुळीच नको. त्या वीस सेकंदांत घरातल्या घड्याळाचा आवाज येत असेल तर येऊ दे. आणि शेवटी पावलं आणायची की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. दोन्ही प्रकारे करून बघ. मी पावलं घेतली असती तर पहिल्या जिन्यापर्यंतच घेतली असती, चपलांसकट.